दोन्ही बाजूंनी रंग

दवाखान्यातून घरी आल्यावर दोन महिन्यांनी वडिलांनी मोटरसायकल उघडायला घेतली. त्याआधी अकरा वर्षे ती मानकापूरच्या आमच्या घरामागे, टिनाच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभी होती. एका सिलिंडरची, किक मारून सुरू करायची, जुनी, वजनदार गाडी. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला असताना वडील तिच्यावरून ड्यूटीला जात. निवृत्तीनंतर ती काही वर्षे चालली, एके दिवशी बंद पडली आणि बंदच राहिली.

अर्धांगाचा झटका सौम्य होता, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बोलणे आठवडाभरात पूर्ववत झाले, पाय महिन्याभरात. उजवा हात मागे राहिला. मनगट वळत होते, कोपर वाकत होते, पण अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट घट्ट बसत नव्हती. शर्टाची बटणे आई लावून देत असे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पिळायला एक रबरी चेंडू दिला होता. तो वडिलांनी चार दिवस पिळला आणि पाचव्या दिवशी खिडकीत ठेवून दिला. याच्यातून काही निघत नाही, असे त्यांनी आईला सांगितले आणि शेडची चावी मागितली.

बाईंची हरकत नव्हती. बोटे हलली पाहिजेत, कशाने हलतात याला महत्त्व नाही, असे त्या म्हणाल्या. हरकत माझी होती, आणि ती मी बोलून दाखवली नाही. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. ड्यूटी दुपारी सुरू होते, म्हणून सकाळी जड वस्तू उचलण्याचे काम माझ्याकडे आले. गाडी सुरू झाली नाही तर वडील त्याचा ठपका स्वतःच्या हातावर ठेवतील, हे पहिल्याच दिवशी दिसत होते. हा हात आता कामाचा उरला आहे की नाही, एवढाच प्रश्न ते त्या गाडीला विचारत होते.

इंजिनाचे आतले काम कामठी रोडवरच्या एका मिस्त्रींनी केले. मिस्त्री पन्नाशीचे, बुटके, बोलके. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे आता थोडे उरले आहेत, त्यांपैकी एक. त्यांनी सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला, बेअरिंगे बदलली आणि बंद केलेले इंजिन गोणपाटात गुंडाळून घरी पोचते केले. बाकीची गाडी वडिलांनी जुळवली. वायरिंग तेवढे मिस्त्रींनी येऊन केले. प्लॅटिनम वडिलांनी स्वतः लावले. प्लॅटिनम म्हणजे इंजिनाच्या कुशीतला एक छोटा स्विच. त्याची दोन टोके इंजिन फिरताना उघडतात आणि मिटतात. ती ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी कॉइल प्लगकडे ठिणगी पाठवते. दोन टोकांमधले अंतर नखाच्या जाडीएवढे असते आणि ते एका बारीक स्क्रूने ठरते. तो स्क्रू आवळायला वडिलांना एक पूर्ण सकाळ लागली. डाव्या हाताने उजवे मनगट धरून त्यांनी तो आवळला. मी शेजारी उभा होतो. मदत करू का, असे विचारल्यावर त्यांनी मला चहा आणायला पाठवले.

रंगाबद्दल इथे सांगणे आवश्यक आहे. वडील वीज केंद्रात रंगकामाच्या विभागात होते. राख उडते तिथे लोखंड कसे टिकवायचे, हे त्यांचे तीस वर्षांचे काम. ओली राख सांध्यात बसते आणि आतून खाते, म्हणून त्यांच्या टोळीचा नियम होता: दोन तुकडे जोडायचे असतील तर आधी दोघांच्याही आतल्या अंगाला रेड ऑक्साइड मारायचे, वाळू द्यायचे, मग बोल्ट आवळायचा. जिथे नजर पोचत नाही तिथे गंज आधी पोचतो, असे ते म्हणत. वीज केंद्राच्या क्वार्टरमधल्या सगळ्याच घरांत ही शिस्त पसरली होती. आमच्या घरातल्या लोखंडी पलंगाचे पाय आतून रंगवलेले आहेत. बिजागऱ्या रंगवलेल्या, सायकलच्या कॅरियरचे वायसर रंगवलेले. मोटरसायकलही याच पद्धतीने झाली. चेसिस, इंजिन धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, इंजिन जिथे या पट्ट्यांना टेकते ती टोके, बोल्ट, वायसर, सगळ्यांना आधी रेड ऑक्साइड, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात. ब्रश धरता येत होता, कारण ब्रशचा दांडा जाड असतो. तीन आठवड्यांनी जोडलेली गाडी पाहून मिस्त्रींनी चेसिसवरून बोट फिरवले आणि असा रंग कंपनीतूनही येत नाही, असे मान्य केले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्त्री सुट्टी असूनही आले. वडील खुर्ची टाकून शेडच्या दाराशी बसले. जुनी बॅटरी चार्ज करून आणली होती. पंधरा-वीस किका मारूनही इंजिनाने हुंकार दिला नाही. मिस्त्रींनी त्यांच्या स्कूटरवरून दुकानातली बॅटरी आणली, तिच्या लाल वायरीचा चिमटा कॉइलला लावला, काळ्या वायरीचा चिमटा इंजिनाच्या पंखाला, म्हणजे गार होण्यासाठी असलेल्या उघड्या पात्याला, लावला आणि किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. आवाज ऐकून आई पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली. मिस्त्रींनी मिनिटभर चालवून इंजिन बंद केले आणि निदान सांगितले: तुमची बॅटरी गेली.

सोमवारी नवी बॅटरी आली. हॉर्न असा वाजला की शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावले. दिवा लख्ख लागला. इंजिन सुरू झाले नाही. मी त्या सकाळी चाळीस किका मारल्या. वडिलांनी त्या मोजल्या.

पुढच्या सहा दिवसांत प्लग दोनदा साफ झाला आणि एकदा बदलला. कार्बोरेटर उघडून पाहिले, पेट्रोल येत होते. दुसऱ्या रविवारी मिस्त्री नवा कंडेन्सर आणि नवी कॉइल घेऊन आले. आधी त्यांनी कॉइल आपल्या बॅटरीवर तपासली, तेच दोन चिमटे लावून. ठिणगी निळी पडली. सगळे जागेवर बसवले, गाडीची स्वतःची बॅटरी जोडली, तर ठिणगी पिवळी आणि मरगळलेली. कार्बोरेटरमधून एक-दोन फटके आले आणि पुन्हा शांतता. मग टायमिंग तपासले. सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद प्लॅटिनमच्या टोकांमध्ये धरून मिस्त्रींनी इंजिन हाताने हळूहळू फिरवले. कागद सुटतो त्या क्षणी पिस्टन कुठे आहे, ते पाहिले. बरोबर होते. प्लॅटिनमचे अंतरही त्यांनी फट मोजायच्या पातळ पट्टीने मोजले. तेही बरोबर होते. तसे त्यांनी वडिलांना सांगितले.

वडिलांनी ते मानले नाही. "माह्या हाताचं काम आहे थे," ते म्हणाले. "स्क्रू ढिला राह्यला असंन. तू मन राखून राहिला माह्यं."

मिस्त्रींनी पट्टी पुन्हा घालून दाखवली. वडिलांनी पाहिले, मान हलवली आणि ते घरात गेले. जाता जाता मला म्हणाले, "पुढच्या रविवारी नाही झाली तं भंगारवाल्याले बोलाव. मले मंग इचारू नको."

त्या आठवड्यात ते शेडकडे फिरकले नाहीत. खिडकीतला चेंडूही त्यांनी घेतला नाही. जेवताना चमचा डाव्या हातात आला. आईने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

डेस्कवरच्या माणसाला यंत्रातले कळत नाही, पण नोंद ठेवण्याची सवय असते. पहिल्या रविवारपासूनची प्रत्येक चाचणी मी वहीत लिहिली होती: काय जोडले, कोणी किक मारली, काय झाले. बुधवारी सकाळी ती पाने मी बातमीची प्रत तपासावी तशी वाचली. इंजिन पूर्ण सुरू झाले होते एकदाच. निळी ठिणगीही एकदाच पडली होती. दोन्ही वेळा बॅटरी मिस्त्रींची होती आणि काळा चिमटा थेट इंजिनावर किंवा कॉइलवर होता. गाडीची बॅटरी जोडली तेव्हा प्रत्येक वेळी अपयश, मग ती जुनी असो की नवी. म्हणजे दोष बॅटरीत नव्हता. तो बॅटरी आणि इंजिन यांच्या मधल्या वाटेत होता. याहून पुढे मला काही सांगता येत नव्हते. मी मिस्त्रींना फोन केला आणि नोंदी वाचून दाखवल्या.

त्यांनी एक नोंद मला पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी विचारले, "भाऊ, इंजिन चेसिसले जिथं टेकते, तिथं काकाजीनं रंग मारला होता काय?"

मारला होता, असे मी सांगितले.

"आतून?"

"दोन्ही बाजूंनी."

"बोल्टाले?"

"बोल्टाला, वायसरला, सगळ्याला."

मिस्त्री हसायला लागले. बराच वेळ हसले. "बाप्पा," ते म्हणाले, "मंग थो करंट वापस येईन कुठून?"

त्यांनी फोनवर समजावले ते असे. बॅटरीतून निघालेला प्रवाह कॉइल आणि प्लॅटिनम यांतून इंजिनाच्या अंगात उतरतो. तिथून तो चेसिसमधून बॅटरीकडे परत यायला हवा. त्याला परतीची वायर नसते, लोखंडाला लोखंड टेकलेले असते तीच त्याची वाट. वडिलांनी ती वाट तीन थरांनी बंद केली होती. थोडाफार प्रवाह क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून चोरवाटेने जात असावा, म्हणून ती पिवळी ठिणगी. हॉर्न आणि दिवा चेसिसवरच असल्याने त्यांना काही अडचण नव्हती. मिस्त्रींचा काळा चिमटा इंजिनावर बसला की रंगाचा प्रश्नच येत नसे, आणि म्हणून त्यांचीही फसगत झाली. ही चूक माझी, असे ते दोनदा म्हणाले. पस्तीस वर्षांत नव्या रंगाची गाडी आली की मी आधी अर्थिंग, म्हणजे ही परतीची वाट, पाहतो, या वेळी रंग पाहत राहिलो, असेही त्यांनी सांगितले.

तिसऱ्या रविवारी ते लवकर आले. वडील आंघोळीला गेले होते. मिस्त्रींनी हातभर वायर काढली, एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला आणि दुसरे इंजिनाच्या पंखाला लावले. मी किक मारली. इंजिन सुरू झाले. त्यांनी वायर ओढून काढली, इंजिन गचके देत बंद पडले. निदान पक्के झाले.

मग मी त्यांना एक विनंती केली. ही वायर इथेच टाकीखाली लपवून कायमची बसवावी, आणि वडिलांना सांगावे की आतली एक वायर तुटली होती. तसे केले असते तर गाडी चालली असती. रंगाचा विषय निघाला नसता. ज्या एका कामात त्यांचा हात अजून कोणाहून कमी नव्हता, त्याच कामाने गाडी बंद ठेवली होती, हे त्यांना कळण्याची गरज मला वाटत नव्हती.

मिस्त्री वायर गुंडाळत होते. "दुसऱ्या गिऱ्हाइकाले हेच करून देलं असतं," ते म्हणाले. "पण काकाजी बोटांले दोष देऊन राहिले ना, भाऊ. वायर लपवली तं थो दोष बोटांवरच राहीन."

हे मला सुचले नव्हते.

वडील बाहेर आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना खुर्चीवर बसवले आणि वायर लावून-काढून दाखवले. काय झाले ते सरळ सांगितले. वडील ऐकत राहिले. पहिली गोष्ट ते बोलले ती बचावाची होती. कोराडीत चिमणीच्या शिडीपासून पंपाच्या पायापर्यंत आम्ही असेच केले, एकही मशीन त्यामुळे बंद पडले नाही.

"तिथं अर्थिंगची पट्टी अलग राहत होती ना, काकाजी," मिस्त्री म्हणाले. "तिले रंग मारत होते काय?"

वडिलांनी विचार केला. "तिले हात लावाची आमाले परवानगी नव्हती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "थे इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम होतं."

आई दारात उभी होती, ती हसली. वडीलही हसले, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. त्यांनी मिस्त्रींना जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "म्हणजे स्क्रू ढिला नव्हता?"

"नव्हता."

"तू आवळला असंन मंगाहून."

"प्लॅटिनमचा स्क्रू तुम्ही लावला तोच, तसाच हाये. म्या फक्त पट्टी घालून पाह्यली. देवाशपथ."

त्या दिवसभरात हा प्रश्न त्यांनी मला आणखी दोनदा विचारला. दोन्ही वेळा मी वही उघडून ती नोंद वाचून दाखवली.

इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन मिस्त्रींनी आणि मी बोल्ट काढले, पट्ट्या सोडवल्या. आता रंग खरडायचा होता. मिस्त्रींनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला. दहा मिनिटांचे काम होते, त्यांच्या हाताला तर पाचच. त्यांनी पेपर वडिलांच्या मांडीवर ठेवला. "रंग तुमचा. काढा बी तुम्हीच," ते म्हणाले. "मले दुकान हाये."

दुकान रविवारी बंद असते, हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

त्या कामाला तीन दिवसांच्या सकाळी लागल्या. वायसर बसतो तेवढ्या जागेवरचा रंग काढायचा, त्याच्या बाहेरचा ओरखडूही द्यायचा नाही, अशी अट वडिलांनी स्वतःच घालून घेतली होती. पहिल्या दिवशी त्यांनी पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळला आणि उजव्या हातावर डावा हात ठेवून घासले. दोन पट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी लाकूड काढले आणि पेपरची घडी करून धरली. ती सुटत होती. सुटली की ते उचलत, पुन्हा घडी घालत. किती वेळा सुटली ते मी मोजले नाही. तिसऱ्या दिवशी वायसर राहिले होते. वायसर एका हाताच्या चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या हाताने घासायचा. त्यांनी वायसर डाव्या हातात धरून उजव्याने घासले. मग अदलाबदल केली. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेला वायसर थरथरत होता, पण पडला नाही. पेपराने त्याला जोर लावल्यावरही पडला नाही. तो पूर्ण चकचकीत झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला आणि पुढचा उचलला.

गुरुवारी दुकान उघडण्याआधी मिस्त्री आले. इंजिन बसवले. बोल्ट आवळले. गाडीची बॅटरी, गाडीच्याच वायरी, बाहेरचे काहीही नाही. पहिल्या किकेला काही झाले नाही. दुसऱ्या किकेला इंजिन सुरू झाले आणि सुरू राहिले. वडिलांनी ते दोन-तीन मिनिटे ऐकले, बंद करायला सांगितले आणि म्हणाले, "परत." पुन्हा सुरू झाले. "परत." तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर ते उठले, शेडमध्ये गेले आणि रंगाचा डबा व ब्रश घेऊन बाहेर आले.

मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले. वडिलांनी त्यांना शांत केले. आतून नाही, बाहेरून मारतो, सांध्याची कड उघडी राहिली तर गंज धरेल. "मारा," मिस्त्री म्हणाले. "पण मी उभा राहतो. मले पाहू द्या." आणि कड रंगून होईपर्यंत ते खरोखरच उभे राहिले.

भंगारवाल्याला बोलावण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. वडील ती गाडी चालवत नाहीत. क्लच, ब्रेक आणि रस्ता एकाच वेळी सांभाळणे अजून होत नाही, हे त्यांना मान्य आहे. रविवारी मी चालवतो आणि ते मागे बसतात. शर्टाची बटणे ते स्वतः लावतात, कॉलरचे सोडून.

मिस्त्रींचे मी औपचारिक आभार मानायला गेलो होतो. त्यांनी विषय बदलला आणि पत्र्याचा एक डबा माझ्या हातात दिला. त्यात जुनी प्लॅटिनमे होती, काळवंडलेली, दहा-बारा. नव्या मालात दम नाही, जुन्याचा धातू पक्का असतो, पण घासायला दुकानात कोणाला वेळ नाही, काकाजींना विचारून पाहा, असे ते म्हणाले. हे खरे होते की माझ्या वडिलांसाठी शोधलेले काम होते, याची खातरजमा मी केली नाही. करता आली असती. दुकानातल्या दुसऱ्या माणसाला विचारले असते तर कळले असते. एवढी एक गोष्ट मी न विचारता सोडून दिली.

आता दर आठवड्याला डबा येतो आणि जातो. वडील व्हरांड्यात बसून टोके घासतात, उजेडात धरून पाहतात, पुन्हा घासतात. गेल्या मंगळवारी मिस्त्री डबा न्यायला आले तेव्हा त्यात एक प्लॅटिनम तसेच काळे होते. ते झाले नाही, असे वडिलांनी सांगितले. टोक खोल जळलेले होते, घासून त्याला सपाटी येणार नव्हती.

गिऱ्हाईक दुकानात बसले आहे, थोडे घासून द्या, चालून जाते, असे मिस्त्री म्हणाले.

"नाही चालत," वडील म्हणाले. "महिन्याभरात बंद पडंन. मंग माह्यं नाव सांगशीन."

"नाही सांगत ना, काकाजी."

"तं दुसऱ्याजवळून करून घे."

मिस्त्री वाद घालत राहिले. वडीलही. आईने दोघांना चहा दिला, तो थंड झाला. शेवटी मिस्त्रींनी ते प्लॅटिनम खिशात टाकले, बाकीचा डबा उचलला आणि स्कूटरला किक मारता मारता म्हणाले की, गिऱ्हाइकाला आता नवेच विकत घ्यायला लावावे लागेल.

"लाव मंग," वडील म्हणाले.